महाराष्ट्रातल्या ६७ खासदारांना खुलं पत्र: 'ओटीपी देऊ नका' एवढं सांगून हे थांबणार नाही

महाराष्ट्रातल्या सगळ्या खासदारांना,

नमस्कार. लोकसभेत ४८ आणि राज्यसभेत १९, म्हणजे तुम्ही एकूण ६७ जण. कोण कुठल्या पक्षाचा, कोण सत्तेत, कोण विरोधात ते बाजूला ठेवून हे पत्र सगळ्यांनाच लिहितेय. मी सातारा जिल्ह्यातली. एका बँकेत २६ वर्षं नोकरी केली, त्यातली बरीचशी काउंटरवरच, आणि गेल्या वर्षी रिटायर झाले. परराष्ट्र धोरण हा माझा विषय कधीच नव्हता, पेपरातलं ते पान मी न वाचताच उलटायचे. आता रोज सगळ्यात आधी तेच उघडते. का ते सांगितल्याशिवाय माझं म्हणणं तुम्हाला पटणार नाही म्हणून आधी ते सांगते, जरा लांबेल पण वाचा.

२०२४ च्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या ब्रँचला एक रिटायर्ड शिक्षिका यायच्या, अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं, निम्म्या गावाला त्यांनी शिकवलेलं. मिस्टर वारलेले, एकुलता एक मुलगा बेंगळुरूला. त्या दिवशी बाई एफडी मोडायला आल्या, एक नाही, सगळ्या. मी म्हटलं बाई एवढी काय घाई, दोन तर पुढच्याच महिन्यात मॅच्युअर होतायत, उगाच व्याज जाईल, तर म्हणाल्या मुलीला फ्लॅट घ्यायचाय. आता बाईंना मुलगीच नाही हे मला चांगलं माहीत. मी मान वर करून बघितलं तर हातातल्या पिशवीतून मोबाईल अर्धा बाहेर आलेला आणि त्यावर व्हिडिओ कॉल चालू. नंतर त्या मला म्हणाल्या, तुला कळावं म्हणूनच मुलगी म्हटलं गं, दुसरं काय बोलणार होते, तो सगळं ऐकत होता.

तीन दिवस ती बाई स्वतःच्या घरात कॅमेऱ्यासमोर बसून होती. तुमच्या आधार कार्डावर बुक केलेल्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलेत, आम्ही सीबीआयमधून बोलतोय, कुणाला सांगितलंत तर मुलालाही उचलू. संडासला जातानासुद्धा परवानगी मागायची. आमच्याकडच्या एफडी वाचल्या, पण आदल्याच दिवशी दुसऱ्या एका बँकेतून १४ लाख आरटीजीएस झाले होते. सायबर हेल्पलाइनच्या १९३० नंबरला फोन लावला, तक्रार घेतली गेली, पण तोवर पैसे सात-आठ खात्यांत पसरले होते, त्यातलं एक खातं शेजारच्या तालुक्यातल्या कॉलेजच्या पोराचं निघालं, त्याने आठ हजारांसाठी खातं, एटीएम कार्ड आणि सिम भाड्याने दिलं होतं. तिथून पुढे पैशांचं क्रिप्टो झालं आणि मग कुणालाच काही सांगता आलं नाही. बाई आता फोन वाजला की दचकतात.

दुसरी गोष्ट माझ्या शेजारच्या घरातली. बीसीए झालेला मुलगा, लहानपणापासून आमच्याच अंगणात खेळलेला, मला काकू म्हणतो. पुण्यात बारा हजारांवर काम करत होता. टेलिग्रामवर एजंट भेटला, थायलंडमध्ये डेटा एन्ट्री, महिना ७० हजार, राहणं-खाणं फ्री. दीड लाख एजंटला दिले, त्याच्या आईने, म्हणजे आमच्या वहिनींनी, त्यासाठी पाटल्या मोडल्या. मुंबईवरून बँकॉकला उतरला, एअरपोर्टवरून गाडीत बसवलं, सात-आठ तास गाडी चालतच राहिली, रात्री एका नदीकाठी उतरवलं, होडीत बसवलं आणि पलीकडे बंदूकधारी माणसं उभी. तो म्हणतो काकू तोपर्यंत मला वाटत होतं की आपण थायलंडमध्येच आहोत. ती मोई नदी होती आणि पलीकडे म्यानमारमधलं म्यावड्डी. पासपोर्ट काढून घेतला. मग सोळा-सोळा तास कॉम्प्युटरवर बसून अमेरिकेतल्या म्हाताऱ्या माणसांशी बाईच्या नावाने गोड बोलायचं, फोटो पाठवायचे, महिनाभर ओळख वाढवायची आणि मग खोट्या ट्रेडिंग ॲपवर पैसे टाकायला लावायचे. चिनी टोळ्यांनी याला नाव दिलंय त्याचा अर्थ डुक्कर पोसून मग कापणं. टार्गेट झालं नाही की उन्हात उभं करायचे, करंट द्यायचे. एका 'कंपनी'ने त्याला दुसऱ्या कंपनीला विकला, हो, विकला, आणि ती किंमतही त्याच्याच डोक्यावर कर्ज म्हणून चढवली. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने वायुदलाच्या विमानांनी थायलंडच्या मे सोतहून ५४९ लोकांना आणलं, त्यात तो आला. ज्या अधिकाऱ्यांनी आणि दूतावासातल्या माणसांनी ते काम केलं त्यांचे उपकार वहिनी जन्मभर विसरणार नाहीत, आणि मीही.

आता माझं डोकं कुठे फिरलं ते सांगते. बाईंना लुटणारा आणि आमच्या पोराला विकत घेणारा हे दोघं एकाच धंद्यातले आहेत. बाईंच्या एफडी आणि वहिनींच्या पाटल्या दोन्ही त्याच पोटात गेल्या. आणि त्या पोटावर एखादी टोळीच जगत नाहीये, तिकडे सरकारं जगतायत, सैन्यं जगतायत, युद्धं हरली-जिंकली जातायत. आणि आपण इकडे याला सायबर फ्रॉड म्हणून तालुक्याच्या पोलीस स्टेशनच्या दारात सोडून दिलंय. तिथल्या हवालदाराने काय करायचं, म्यावड्डीला समन्स घेऊन जायचं का?

जरा म्यानमारचं बघा. तिथे १ फेब्रुवारी २०२१ ला लष्कराने सत्ता बळकावली आणि देशभर यादवी पेटली. म्यावड्डीच्या बाजूला, मोई नदीच्या काठावर श्वे कोक्को नावाचं शहरच उभं राहिलंय, २०१७ पासून, शेतातून थेट कॅसिनो आणि टॉवर. शे झिजियांग नावाच्या चिनी माणसाचा पैसा आणि जमीन-बंदूक तिथल्या कारेन जमातीच्या बॉर्डर गार्ड फोर्सची. ही फोर्स म्हणजे पूर्वीचे बंडखोर, जे लष्कराच्या छत्राखाली आले आणि त्या बदल्यात स्वतःचा इलाखा मिळाला. त्यांचा म्होरक्या सॉ चिट थू. जवळच केके पार्क, तसाच दुसरा अड्डा. आता एप्रिल २०२४ मध्ये काय झालं तर लष्कराविरुद्ध लढणाऱ्या कारेन बंडखोरांनी म्यावड्डी शहर जिंकलं, लष्कराचा तळ घेतला, थायलंडबरोबरच्या व्यापाराचं ते मुख्य दार आहे त्यामुळे लष्कराला तो मोठाच फटका होता. पण काही दिवसांतच याच बॉर्डर गार्ड फोर्सने लष्कराच्या सैनिकांना परत आत यायला वाट करून दिली आणि झेंडा पुन्हा बदलला. म्हणजे एका सीमेवरच्या शहरावर कुणाचं राज्य हे ठरवलं कुणी, तर ज्यांचं पोट फ्रॉडच्या भाड्यावर चालतं त्यांनी. मला हे वाचून रात्री झोप नाही आली, कारण त्या भाड्यात आपल्याही लोकांचे पैसे आहेत.

उत्तरेला कोकांगची गोष्ट याहून मोठी आहे आणि ती तुम्ही नीट वाचा अशी माझी कळकळीची विनंती आहे. चीनच्या सीमेला लागून हा डोंगराळ पट्टा, मुख्य गाव लाउक्काई. २००९ मध्ये म्यानमारच्या लष्कराने तिथल्या जुन्या सरदाराला हाकलून आपल्या मर्जीतली माणसं बसवली, आणि ती मोहीम ज्याच्या हाताखाली झाली तो अधिकारी म्हणजे पुढे सत्ता बळकावणारा मिन आंग ह्लाइंग. मग तिथे चार घराण्यांचं राज्य सुरू झालं, बाय, वेई, लिऊ आणि मिंग, कॅसिनो, ऑनलाईन जुगार आणि नंतर फोनवरचे फ्रॉड. लुटले जात होते मुख्यतः चिनी लोक आणि कोंडले जात होते तेही चिनीच. चीनने लष्कराला पुन्हा पुन्हा सांगितलं, लष्कराने काही केलं नाही, करणार कसं, ती घराणी त्यांचीच होती. शेवटी २७ ऑक्टोबर २०२३ ला तीन बंडखोर संघटनांनी एकत्र येऊन हल्ला चढवला आणि फ्रॉडचे अड्डे साफ करणं हे त्यांनी जाहीर कारणांमध्ये ठेवलं. चीनने त्यांना अडवलं नाही. जानेवारी २०२४ मध्ये लाउक्काई पडलं, ऑगस्टमध्ये लाशिओ, जिथे लष्कराचं अख्खं ईशान्य मुख्यालय होतं. मग चीनला वाटलं आता पुरे, लष्कर पारच कोसळलं तर आपली पाइपलाईन आणि व्यापार अडचणीत येईल, तर दबाव टाकून एप्रिल २०२५ मध्ये तेच लाशिओ लष्कराला परत द्यायला लावलं. २०२३ संपेपर्यंत ४० हजारांवर संशयित चीनच्या ताब्यात दिले गेले होते आणि मिंग घराण्यातल्या व टोळीतल्या ११ जणांना चीनने जानेवारी २०२६ मध्ये फाशी... म्हणजे मृत्युदंड दिला. मी काही चीनची पद्धत घ्या म्हणत नाहीये, ती मला मान्यही नाही. पण आपल्या नागरिकांची लूट हा चीनने देशाचा प्रश्न केला हे तर दिसतंय ना.

आणि याचा आपल्याशी काय संबंध असं वाटत असेल तर पुढचं बघा. त्या तीन संघटनांतली एक अराकान आर्मी. ऑक्टोबरमध्ये कोकांगच्या बाजूला हल्ला सुरू झाला आणि नोव्हेंबरमध्ये तिने म्यानमारच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या रखाइनमध्येही लढाई पुन्हा उघडली, जानेवारी २०२४ मध्ये पलेत्वा गाव घेतलं. पलेत्वा म्हणजे कुठलं, तर आपल्या कलादान प्रोजेक्टवरचं. कोलकात्याहून समुद्रमार्गे सित्वे बंदर, तिथून नदीने पलेत्वा आणि मग रस्त्याने मिझोरम, असा आपला मार्ग, ज्यावर आपण कित्येक वर्षं आणि कित्येक कोटी घातलेत, सित्वे बंदर मे २०२३ मध्ये सुरूही झालं होतं. आज त्या मार्गावर कुणाचा ताबा आहे ते परराष्ट्र मंत्रालयाला विचारा. मी असं म्हणत नाही की फोनच्या फ्रॉडमुळेच हे सगळं झालं, म्यानमारची भांडणं सत्तर वर्षांची आहेत. पण त्या वेळी काडी ओढली गेली त्यात त्या चार घराण्यांच्या धंद्याचा मोठा हात आहे, आणि धग मिझोरमपर्यंत आली.

आणखी एक. मणिपूरच्या मोरेहून म्यानमार पार करून थायलंडच्या मे सोतपर्यंत जाणारा तीन देशांचा हायवे, १,३६० किलोमीटरचा, आपण वर्षानुवर्षं ज्याची भाषणं ऐकतोय. तो मे सोतला पोचायच्या आधी शेवटचं गाव कुठलं आहे माहितीये? म्यावड्डी. आमच्या पोराला ज्या गावात विकलं ते. म्हणजे आपण ज्या रस्त्याने आग्नेय आशियात जायचं म्हणतोय त्याच्या टोकाला हे लोक बसलेत.

कंबोडियाचंही थोडं सांगते. १४ ऑक्टोबर २०२५ ला अमेरिकेने तिथल्या प्रिन्स ग्रुप या बड्या कंपनीच्या चेन झी या माणसावर असेच फ्रॉडचे अड्डे चालवल्याचं आरोपपत्र उघड केलं आणि त्याच्याशी जोडलेले १,२७,२७१ बिटकॉइन जप्त करायची कारवाई सुरू केली, त्या दिवशीच्या भावाने जवळपास १५ अब्ज डॉलर. कंबोडियाचं अख्ख्या वर्षाचं उत्पन्न ४५ अब्ज डॉलरच्या आसपास आहे. म्हणजे देशाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका पैसा एका माणसाशी जोडलेला. आणि तो कोण, तर आधीचे पंतप्रधान हुन सेन आणि आत्ताचे हुन मानेत या दोघांचा सल्लागार राहिलेला, सरकारी मानाची पदवी मिळालेला. त्याच दिवशी ब्रिटननेही त्याची लंडनमधली मालमत्ता गोठवली. जानेवारी २०२६ मध्ये कंबोडियाने त्याला पकडून चीनला दिलं. राजधानी नाम पेन्हमधला दुसरा एक ग्रुप, हुइओने, त्याच्यातून किमान ४ अब्ज डॉलरचा काळा पैसा फिरला असं अमेरिकेच्या अर्थखात्याने म्हटलं आणि मे २०२५ मध्ये त्याला आपल्या बँकिंगमधून बाहेर काढायचं पाऊल उचललं. बँकेत काम केलेल्या माणसाला हे कळतं, एखाद्याला डॉलरच्या बाहेर फेकणं म्हणजे त्याचा गळाच आवळणं आहे.

आणि थायलंड-कंबोडियाचं युद्ध. तो सीमेवरच्या देवळांचा आणि जमिनीचा वाद खूप जुना आहे, त्याला फ्रॉडचं युद्ध म्हणणं चुकीचं होईल. पण २०२५ च्या जुलैत पाच दिवस तोफा चालल्या, किमान ४० माणसं मेली, तीन लाखांच्या आसपास लोकांना घरं सोडावी लागली, आणि त्याच्या आधी जूनमध्ये थायलंडने सीमेवरची दारं बंद करताना या सायबर टोळ्यांचंही कारण दिलं होतं. डिसेंबरमध्ये पुन्हा लढाई झाली तेव्हा थाई विमानांनी सीमेवरच्या कॅसिनोंच्या इमारतींवर बॉम्ब टाकले, तिथून कंबोडियाचं सैन्य लढतंय असं म्हणून. थायलंडचे हातही स्वच्छ नाहीत, तिथल्या उपअर्थमंत्र्याला ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा नेटवर्कशी संबंधाच्या आरोपांवरून राजीनामा द्यावा लागला, आरोप त्याने नाकारले तो भाग वेगळा. तिकडे फिलिपिन्समध्ये बांबान गावची महापौरच अशा अड्ड्याच्या प्रकरणात माणसांच्या तस्करीसाठी नोव्हेंबर २०२५ मध्ये जन्मठेपेला गेली, आणि ती मुळात चिनी असल्याच्या गोष्टीवरून देशात हेरगिरीच्या संशयाचं वादळ उठलं. गावच्या महापौरापासून देशाच्या मंत्र्यापर्यंत हा पैसा कसा चढत जातो ते बघा, आणि मग सांगा हा पोलीस स्टेशनचा विषय आहे का.

आपला वाटा यात केवढा आहे? सरकारनेच लोकसभेत सांगितलंय की २०२४ मध्ये भारतीयांनी सायबर फ्रॉडमध्ये २२,८४५ कोटी रुपये गमावले, आदल्या वर्षी तो आकडा ७,४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट. गृहखात्याच्या सायबर केंद्राने २०२४ च्या पहिल्या चार महिन्यांच्या तक्रारी तपासल्या तर ४६ टक्के फ्रॉड कंबोडिया, म्यानमार आणि लाओसमधून झालेले निघाले. माणसांचं म्हणाल तर जानेवारी २०२२ ते मे २०२४ मध्ये व्हिजिट व्हिसावर कंबोडिया, थायलंड, म्यानमार आणि व्हिएतनामला गेलेले जवळपास ३० हजार भारतीय परत आल्याची नोंद नव्हती. त्यात महाराष्ट्राचे ३,२३३, पंजाबच्या खालोखाल आपणच. हे सगळे अड्ड्यांवरच आहेत असं अजिबात नाही, काही जण दुसरीकडे कामाला लागले असतील. पण नक्की किती कुठे आहेत, हे तुमच्यापैकी किती जणांनी विचारलं? प्रत्येक मतदारसंघाच्या वाट्याला सरासरी ६७ मुलं येतात हो. संयुक्त राष्ट्रांनी ऑगस्ट २०२३ मध्ये अंदाज दिला होता की एकट्या म्यानमारमध्ये किमान १ लाख २० हजार माणसं अशी कोंडलेली असावीत. २०११ च्या जनगणनेत सातारा शहराची लोकसंख्या जवळपास तेवढीच होती. मी सातारा डोळ्यांसमोर आणते, राजवाडा, पोवई नाका, सगळ्या गल्ल्या, सगळी घरं, आणि तेवढी सगळी माणसं कॉम्प्युटरसमोर कोंडलेली.

सरकारने काहीच केलं नाही असं मी म्हणणार नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये मन की बातमध्ये डिजिटल अरेस्टवर, म्हणजे बाईंना केली तशी फोनवरच्या खोट्या 'अटके'वर सांगितलं, असं काही कायद्यात नसतंच हे स्पष्ट केलं, आणि खरं सांगते त्यानंतर आमच्याकडे येणारे म्हातारे लोक जरा विचारायला लागले. महाराष्ट्र सायबरने एप्रिल २०२५ मध्ये म्यानमारमधून ६० हून जास्त भारतीयांना सोडवून आणलं आणि एजंट पकडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये पुन्हा विमानं गेली, कारण ऑक्टोबरमध्ये म्यानमारच्या लष्कराने केके पार्कवर धाड घातली तेव्हा पंधराशेच्या वर लोक नदी ओलांडून मे सोतला पळाले आणि त्यात पाचेकशे भारतीय होते. सुप्रीम कोर्टाने डिसेंबर २०२५ मध्ये डिजिटल अरेस्टचा देशभरचा तपास सीबीआयकडे दिला. हे सगळं चांगलंच आहे. पण मार्चमध्ये ५४९ आणले आणि सहा-सात महिन्यांत पुन्हा पाचशे तिथे सापडतात याचा अर्थ नळ चालूच आहे, आपण फक्त खालची बादली ओततोय.

दक्षिण कोरियाने काय केलं बघा. त्यांचा एक कॉलेजचा मुलगा ऑगस्ट २०२५ मध्ये कंबोडियात छळ होऊन मेला. ऑक्टोबरमध्ये त्यावर देशभर संताप झाला, तर त्यांचं सरकारी पथक थेट नाम पेन्हला गेलं, काही भागांत जायला आपल्या नागरिकांना बंदी घातली, विमान करून ६४ जणांना परत आणलं. एका मुलासाठी परराष्ट्र खातं हललं. आपली मुलं संख्येने जास्त आहेत म्हणून ती स्वस्त आहेत का?

आता तुमच्याकडे माझं मागणं. बिमस्टेक नावाची बंगालच्या उपसागराभोवतीच्या देशांची जी संघटना आहे तिच्यात भारत, म्यानमार आणि थायलंड तिन्ही आहेत. तिच्यात कामं वाटून घेतलीत आणि सुरक्षा हा विषय भारताकडे आहे. संघटित गुन्हेगारीविरुद्ध या देशांनी २००९ मध्ये करार केलाय, मार्च २०२१ पासून तो लागूही आहे. एप्रिल २०२५ मध्ये बँकॉकला या संघटनेची परिषद झाली तिथे आपले पंतप्रधान आणि मिन आंग ह्लाइंग भेटले. मग या कराराखाली म्यावड्डीबद्दल आत्तापर्यंत काय झालं, किती नावं दिली, किती माणसं ताब्यात मिळाली, हा प्रश्न गृहखात्याला विचारायचा नाहीये, परराष्ट्रमंत्र्यांना विचारायचाय, आणि लेखी उत्तराचा नाही तर तारांकित प्रश्न म्हणून, म्हणजे उभं राहून उत्तर द्यावं लागेल आणि तुम्हाला पुढचा प्रश्न विचारता येईल. मला कळतं की म्यानमारशी आपली १,६४३ किलोमीटरची सीमा आहे, तीही बरीचशी कुंपण नसलेली, पलीकडून ड्रग्ज येतात, नोव्हेंबर २०२४ मध्ये अंदमानजवळ म्यानमारच्या बोटीतून साडेपाच हजार किलो मेथ पकडलं होतं, ईशान्येतले बंडखोर तिकडे लपतात, चीन तिथे पाय रोवून बसलाय, म्हणून तिथल्या लष्कराशी जरा सांभाळून बोलावं लागतं. पण सांभाळून बोलायचं म्हणजे हा विषयच काढायचा नाही असं होऊ नये. ज्या लष्कराला स्वतःच्या सीमेवरची गावं भाड्याने द्यावी लागतात ते आपली सीमा काय सांभाळणार.

ब्रिटन, युरोप आणि अमेरिका या तिघांनीही सॉ चिट थूवर निर्बंध टाकलेत. आपण का नाही? परदेशात बसून आपल्या लोकांना लुटणाऱ्याची मालमत्ता आपणहून गोठवता येईल, त्याच्याशी व्यवहार करणाऱ्या कंपनीला इथे धंदा करता येणार नाही, असा कायदा आपल्याकडे हवा. तो तुम्ही खासगी विधेयक म्हणून मांडू शकता, पास नाही झालं तरी चर्चा तरी होईल.

नोकरीच्या नावाने जाणाऱ्या मुलांचा कायदा १९८३ चा आहे. आखातात मजूर जात होते त्या काळचा. दहावी पास असला की पासपोर्टवर इमिग्रेशन तपासणीचा शिक्काच लागत नाही, कल्पना अशी की शिकलेला माणूस फसत नाही. आता फसतायत ते बरेचसे ग्रॅज्युएट आहेत, इंग्लिश येणारे, टायपिंग येणारे, तीच तर त्या लोकांची गरज आहे. त्यात थायलंडने २०२३ मध्ये आपल्यासाठी व्हिसाची अटच काढून टाकली. म्हणून एअरपोर्टवर निदान बोललं पाहिजे, एकटा तरुण, हॉटेल बुकिंग दोन दिवसांचं, नोकरीचं पत्र फक्त मोबाईलवर, तर दोन मिनिटं बाजूला घेऊन म्यावड्डीचा फोटो तरी दाखवा त्याला.

आणि परत आलेल्या मुलांना आरोपी करू नका, हे माझं सगळ्यात कळकळीचं सांगणं आहे. आमचं पोर आलं त्यानंतर तीन वेळा चौकशीला गेलं. चौकशी झालीच पाहिजे, त्यातल्या काहींनी स्वतः माणसं भरती केली असतील, कमिशन खाल्लं असेल, ते शोधलेच पाहिजेत. पण ज्याला करंट देऊन काम करायला लावलं तो गुन्हेगार कसा. माणसांच्या तस्करीविरुद्धचा संयुक्त राष्ट्रांचा करार भारताने २०११ मध्ये मान्य केलाय, त्यात अशा माणसाला पीडित म्हणतात. आता होतं काय की अजून तिकडे अडकलेली मुलं घरी फोन करायला मिळाला तरी दूतावासाला फोन करत नाहीत, परत गेलो तर जेलमध्ये जाऊ म्हणून. आणि त्यांच्याकडे केवढी माहिती आहे! आमचं पोर बिल्डिंगचे नंबर सांगतं, मॅनेजरची टोपणनावं सांगतं, भारतातली खाती पुरवणारा कोण होता ते सांगतं. ते सगळं एका वहीत लिहून ठेवलंय त्याने. तीन चौकशांमध्ये ती वही कुणी मागितली नाही.

भाड्याच्या खात्यांबद्दल बँकवाली म्हणून एकच सांगते. खातं विकणारं पोर पकडून उपयोग नाही, तो आठ हजारांचा धनी. त्याच्या खात्यात सकाळी १४ लाख येतात आणि वीस मिनिटांत जातात, आधी वर्षभर बॅलन्स तीन आकड्यांत असतो, हे कुठल्याही क्लार्कला दिसेल, पण क्लार्कला थांबवायचा अधिकार नाही आणि थांबवलं तर कस्टमरची तक्रार त्याच्याच अंगावर येते. रिझर्व्ह बँकेने अशी खाती शोधायला सॉफ्टवेअर बनवलंय, ते प्रत्येक सहकारी बँकेत आणि पतसंस्थेपर्यंत कधी पोचणार हे अर्थमंत्र्यांना विचारा. ही खाती बंद झाली तर म्यावड्डीपर्यंतचा पैसा इथेच, तालुक्यातच अडेल.

मी या प्रश्नांचा मसुदा मराठीत आणि इंग्लिशमध्ये तयार केलाय, परराष्ट्र, अर्थ आणि गृह अशा तिन्ही खात्यांसाठी वेगवेगळा. तारांकित प्रश्नाची नोटीस पंधरा दिवस आधी द्यावी लागते ना, म्हणून अधिवेशन जाहीर झालं की लगेच घेऊन येते, तुमच्या मतदारसंघातल्या ऑफिसात किंवा दिल्लीत, जिथे बोलवाल तिथे. बाई सोबत येतो म्हणाल्यात. पोरगंही येईल, वही घेऊन.

आपली,
एक निवृत्त बँक कर्मचारी,
जिल्हा सातारा